फेरेटला ऐकू येत नसेल तर काळजी कशी घ्यावी?

फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा लांबट पाळीव प्राणी. हाक मारली तरी तो वळून बघत नसेल, तर आधी खात्री करून घ्या. तो पाठमोरा असताना थोड्या अंतरावरून किल्ल्यांचा जुडगा वाजवा. पाय आपटू नका, अगदी जवळून टाळीही वाजवू नका. जमिनीचा कंप किंवा हवेचा झोत लागला तरी तो दचकतो आणि त्याला ऐकू आलं असं आपल्याला वाटतं. एका कानाने ऐकू येणारा फेरेट मात्र या घरगुती चाचणीत कळून येत नाही.

मग प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जा. कानातल्या बारीक किड्यांमुळे किंवा संसर्गामुळे ऐकू कमी आलं असेल, तर उपचारांनी फरक पडू शकतो. थोडा तांबूस मळ फेरेटच्या कानात असतोच. तो काळपट झाला, घाण वास येऊ लागला, फेरेट सतत कान खाजवू लागला, तर दिवस घालवू नका. डोकं पांढरं असलेले किंवा कपाळावरून मागे पांढरा पट्टा गेलेले फेरेट बऱ्याचदा जन्मतःच बहिरे असतात. हा बहिरेपणा बरा होत नाही, पुढच्या पिढीतही उतरू शकतो, म्हणून अशा फेरेटची पैदास करू नका.

आता रोजची सर्वांत महत्त्वाची गोष्ट, झोपेतून उठवणं. फेरेट दिवसाचे १४ ते १८ तास झोपतो, तेही गाढ. ऐकू न येणाऱ्याला अचानक उचललं तर तो घाबरून चावतो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. आधी अंथरुणाची कड हलकेच हलवा. मग हात नाकाजवळ धरा आणि थांबा. नाकपुड्या हलू लागतील, मिशा थरथरतील, डोळे किलकिले होतील. तुमचा वास ओळखला की मगच पाठीला हात लावा. घरातल्या मुलांनाही हे शिकवाच. फेरेट उठतच नसेल, लाळ गळत असेल किंवा मागचे पाय लुळे पडले असतील, तर रक्तातली साखर घसरलेली असू शकते. हिरड्यांवर किंचित मध चोळा, बोट चावलं जाणार नाही हे बघा, आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.

बोलावण्यासाठी एकच खूण ठरवा: जमिनीवर दोनदा थाप किंवा खोलीतल्या दिव्याची उघडझाप. खूण केली की दर वेळी मांसाचा छोटा तुकडा द्या. मनुका, गोड पदार्थ नकोत. नखं कापायला किंवा आंघोळीला मात्र त्या खुणेने कधीच बोलावू नका, नाहीतर तो येणं सोडून देईल.

खेळताना समोरचा फेरेट कळवळला तरी याला ते ऐकू येत नाही, म्हणून हा जोरात चावत राहतो. अशा वेळी खेळ तिथेच थांबवा, त्याला थोडा वेळ पिंजऱ्यात ठेवा. मारू तर अजिबात नका. तुमच्याशी त्याचं नातं हातांमधूनच जुळतं, त्या हातांची भीती बसली तर फार अवघड होतं.

दार लावताना, सोफ्यावर बसताना, वॉशिंग मशीन सुरू करताना तो कुठे आहे ते आधी बघा, कारण आवाज ऐकून बाजूला होणं त्याला शक्य नाही. अडकला तर सहज सुटेल अशा पट्ट्याला छोटी घंटी बांधा, म्हणजे तो कुठे आहे ते तुम्हाला कळेल. बाहेर नेताना हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घातल्याशिवाय खाली सोडू नका. हाक मारून त्याला परत बोलावता येणार नाही.