वरचा थर जोडून झाल्यावर गोधडी पुरी कशी करावी

खान्देशात गोधडीचे काम आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास निघते, कारण दिवाळीनंतर कपाशीच्या वेचणीत बायकांच्या हाताला सवड नसते आणि मृग लागला की पेरणीची घाई सुरू होते. तुकडे जुळवून वरचा थर शिवून झाला म्हणजे निम्मे काम संपले असे वाटते. माझ्या मते गोधडीचे खरे भवितव्य त्यापुढच्या एका सकाळी, ती अंथरताना ठरते.

आधी वरच्या थराच्या शिवणी उलट बाजूने एका अंगाला दाबून इस्त्री करावी आणि लोंबणारे दोरे कापावेत. अस्तर चारही बाजूंनी 2 इंच जास्त ठेवावे, आणि ते नवे असेल तर आधी धुऊन घ्यावे, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते आणि गोधडीला चुण्या पडतात. भर म्हणून जुनी, मऊ, सुती लुगडी उत्तम. 5 फूट बाय 7 फूट गोधडीला दोन नऊवारी लुगड्यांतून, विरलेला भाग वगळूनही, चार-पाच थर निघतात. टेरिकॉटची साडी मात्र आत घालू नये, कारण इकडच्या उन्हाळ्यात तिने अंगाखाली घाम धरतो.

ऊन चढण्यापूर्वी स्वच्छ फरशीवर अस्तर उलटे अंथरावे आणि चारही कोपऱ्यांवर विटा ठेवाव्यात. ते सपाट हवे, पण ओढून ताणलेले नको; ताणलेले कापड विटा काढताच आक्रसते. त्यावर भराचे थर एकेक करून पसरावेत, प्रत्येक थरावरून मधून कडेकडे तळहात फिरवावा आणि एका थराचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येऊ देऊ नये, नाहीतर तिथे कायमचा वळ राहतो. शेवटी वरचा थर सुलटा ठेवावा.

आता कच्चा दोरा, म्हणजे शेवटी काढून टाकायचे तात्पुरते टाके. आपल्याकडे पक्का धावदोरा बहुधा कडेपासून सुरू होऊन चौकोनी फेऱ्यांनी आत येतो, म्हणजे कापडातला सगळा सैलपणा प्रत्येक फेरीगणिक मध्याकडे सरकत जातो. तो अडवायचा असेल तर कच्चे टाके उलट दिशेने, मध्यापासून कडेकडे, वीत-वीतभर अंतरावर आडवे आणि उभे घालावेत. एका वर्षी मी हे काम टाळून केवळ टाचण्यांवर भागवले. शेवटच्या फेऱ्यांपर्यंत पोहोचले तेव्हा मधोमध परातीएवढा फुगा उभा होता आणि चार दिवसांची शिवण उसवावी लागली.

धावदोऱ्यासाठी जाड सुती दोरा घ्यावा, तो एका वेळी दोन हातांहून लांब नसावा, आणि त्यावर मेण फिरवले तर गुंता कमी होतो. गाठ थरांमध्ये ओढून लपवावी. प्रत्येक टाक्यात सुईचे टोक खालच्या फरशीला टेकल्याचे बोटाला कळले पाहिजे, तरच अस्तर धरले गेले असे समजावे. फेऱ्यांत 1 इंच अंतर ठेवल्यास या मापाच्या गोधडीत सुमारे 420 फूट शिवण होते, तेव्हा अंगुस्तानाला पर्याय नाही. टाके थोडे वाकडे आले तरी चालतील, पण दोरा आवळू नये.

फेऱ्या संपल्यावर कडा सारख्या कापून गोट लावावा. चारही बाजू मिळून 24 फूट होतात आणि नऊवारीचा काठ 27 फूट भरतो, म्हणजे एका लुगड्याच्या काठात कोपऱ्यांसकट गोट बसतो. काठाची वीण अंगापेक्षा घट्ट असल्याने तो टिकतोही जास्त. अडीच इंच रुंद पट्टी सुलट बाजूवर अर्ध्या इंचावर शिवावी, मग ती मागे वळवून, कड आत दुमडून अस्तराला तुरपाई करावी. कोपऱ्यावर पट्टी कापू नये, घडी घालूनच वळवावी.

कच्चे टाके गोट लागल्यावरच काढावेत. पहिले धुणे साध्या पाण्यात करावे आणि गोधडी तारेवर न टाकता खाटेवर, अस्तर वर करून वाळवावी. ओली असताना तारेवर लोंबली तर ती स्वतःच्या वजनाने ओढली जाते आणि टाके तुटतात.