दहावीनंतर आयटीआय, पदविका की अकरावी?

निकालाच्या टक्क्यांवरून शाखा ठरवण्याआधी मुलाचा कल पाहावा. ज्याला हाताने काम करताना वेळेचे भान राहत नाही, त्याला केवळ गुण चांगले आहेत म्हणून अकरावी विज्ञानात घालणे मला अन्यायाचे वाटते.

आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, तर फिटर व इलेक्ट्रिशियन यांचे दोन वर्षांचे असतात. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार कारखान्यात विद्यावेतनासह प्रशिक्षण घेता येते. हा मार्ग पुढे बंद होतो, हा समज चुकीचा आहे. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर तंत्रनिकेतनाच्या पदविकेच्या आणि तीन वर्षांच्या पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला पात्रतेनुसार प्रवेश मिळू शकतो. मात्र वैद्यकीय शिक्षण घ्यायचे असल्यास अकरावी-बारावी विज्ञान जीवशास्त्रासह करणेच योग्य.

प्रवेश अर्जात पसंतीक्रम भरण्यापूर्वी मुलासोबत जवळच्या आयटीआयची कार्यशाळा प्रत्यक्ष पाहावी. यंत्रे चालू स्थितीत आहेत का, निदेशकांची पदे भरलेली आहेत का आणि मागील तुकडीतील मुले कोठे काम करतात, हे तेथेच विचारावे. मुलींसाठीही हीच चौकशी तितक्याच गांभीर्याने करावी.