खरा अशोक लावायचाय? आधी पान बघा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर मी २६ वर्षं दिवाणजी होतो. हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय तिथं कुणी भाव बोलत नाही. पण ‘अशोक’ म्हणून विकत घेतलेलं रोप मी मात्र न बघताच लावलं. चार वर्षांत ते खांबासारखं सरळसोट वर गेलं, आणि फुलं आली ती पानांत शोधावी लागतील अशी हिरवट. शाळा-ऑफिसांपुढं रांगेनं उभा असतो, तोच हा खोटा अशोक.

खोट्याचं पान सुटं, लांबट, कडेला लाटा. खऱ्याच्या एका दांड्यावर पानांच्या चार-सहा जोड्या, कडा साध्या. नवी पालवी तांबूस आणि ओल्या फडक्यासारखी लोंबणारी. पहिल्यांदा बघितली तेव्हा रोप मान टाकतंय समजून मी बादलीभर पाणी ओतलं. काही दिवसांनी ती आपोआप हिरवी, ताठ झाली.

बी ताजंच हवं. शेंगा चपट्या, चामड्यासारख्या. त्या काळपट पडून तडकायला लागल्या की बी काढा, रात्रभर भिजवा आणि त्याच आठवड्यात पेरा. डब्यात वर्षभर जपून ठेवलेल्या बियांतली माझी एकही उगवली नाही. पिशवीत पोयटा, वाळू आणि जुनं शेणखत समप्रमाणात घाला, पिशवी सावलीत ठेवा. माझ्याकडं तीन आठवड्यांत कोंब दिसला.

आपली काळी माती पाणी धरून बसते. म्हणून दोन फुटांचा खड्डा घेऊन माती बदला आणि रोप थोडं उंचवट्यावर लावा. ओल हवी, पण पाणी साचायला नको. पहिले दोन-तीन उन्हाळे पश्चिमेच्या बाजूला बारदान बांधा. हळदीचं जुनं पोतं चालतं.

बुंध्यालगतच्या फांद्या मात्र साफसफाईच्या नादात छाटू नका. अशोकाची फुलं जुन्या लाकडावर, कधी थेट खोडावरच गुच्छानं फुटतात. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त सुंदर स्त्रीच्या लाथेनं अशोक फुलतो. राणी धारिणी झोपाळ्यावरून पडून पाय दुखावून बसलेली, म्हणून ते काम मालविकेकडं येतं. पाच रात्रींत झाड फुललं तर तुझी इच्छा पुरवीन, असं राणीचं वचन. लाथ आणि फुलं यांची सांगड कुणी का घातली असेल? माझा अंदाज असा, की पायाच्या उंचीवर फुलणारं झाड त्यांनी जवळून बघितलं होतं. जाता जाता, अशोकवनात सीता बसली होती ती अशोकाखाली नव्हे. वाल्मीकींनी तिथं शिंशपा नावाचं दुसरं झाड सांगितलंय.

धीर मात्र धरायला हवा. माझं झाड सहा वर्षं नुसतं पानांवर होतं. सातव्या माघात आमच्या मंडळींना म्हटलं, जरा लाथ मारून बघता का? त्या म्हणाल्या, “माझा गुडघा धरलाय, नातीला सांगा.” नातीनं चप्पल काढून डाव्या पायानं हळूच टोला दिला. पाच रात्रींत काही झालं नाही. फाल्गुनात खोडावर, गुडघ्याएवढ्या उंचीला, पिवळट-नारिंगी गुच्छ आला आणि चार दिवसांत लालभडक झाला. जवळून बघितलं तर त्याला पाकळ्याच नाहीत. रंग असतो तो निदलांचा, म्हणजे एरवी पाकळ्यांच्या बाहेर असणाऱ्या, कळीला झाकणाऱ्या दलांचा.