तोंडात गाठ हाताला लागली तर काय करावं?

जेवण झाल्यावर जीभ फिरवताना एखादा उंचवटा लागतो आणि मग दिवसभर जीभ तिथेच जात राहते. रात्री मोबाईलवर शोधायला बसलं की पहिल्या फटक्यात कॅन्सरचे फोटो, आणि झोप उडते. अशा वेळी आधी नीट बघा, तारीख लिहून ठेवा आणि दोन आठवड्यांच्या पुढे वाट बघू नका.

आधी उजेडात बघा. हात साबणाने धुवा, चूळ भरा, कवळी असेल तर काढा. आरशासमोर उभं राहून मोबाईलचा टॉर्च लावा. ओठ उलटून आतून बघा, गाल बोटाने ताणून बघा. स्वच्छ रुमालाने जिभेचं टोक धरा आणि जीभ एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ओढा. जिभेची कड आणि जिभेखालची जागा घाईत बघू नका, कारण दुखणं तिथेच जास्त लपतं. मग डोकं मागे टाकून टाळू बघा. शेवटी जबड्याखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंना बोटं फिरवा.

प्रत्येक वेळी दुसऱ्या बाजूशी ताडून बघा. दोन्हीकडे सारखंच दिसत असेल तर बहुतेकदा ती तोंडाची मूळ रचनाच असते. वरच्या दाढांसमोर गालात जो बारीक उंचवटा लागतो, ते लाळेच्या नळीचं तोंड. जिभेच्या पार मुळाशी 8 ते 12 मोठे उंचवटे रांगेत असतात, ते सगळ्यांनाच असतात. टाळूच्या मधोमध हाडाचा टणक उंचवटा अनेकांना असतो. ओठाच्या आतले पिवळसर बारीक ठिपके म्हणजे तेलग्रंथी.

मग कारण आठवा. ज्वारीची कडक भाकरी शेंगा चटणीशी खाताना तिची कड टाळूला घासते आणि दुसऱ्या दिवशी तिथे फोड दिसतो. तो आठवडाभरात बसतो. एकाच जागी गाल पुन्हा पुन्हा चावला गेला की गुळगुळीत, गुलाबी गाठ तयार होते. खालच्या ओठाच्या आत निळसर, मऊ फुगा आला असेल तर तिथे लाळ साठलेली असते. तो फुटतो आणि परत भरतो. हिरडीवर पुवाची पुळी असेल तर त्याच जागेचा दात किडलेला असण्याची शक्यता मोठी. दाताचा इलाज होईपर्यंत ती परत परत येते.

कॅलेंडरवर तारीख लिहा आणि टॉर्च लावून एक फोटो काढून ठेवा. कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या करा. सुई टोचू नका, चुना किंवा मिश्री लावू नका, सारखा हात लावू नका. दोन आठवड्यांत गाठ किंवा जखम गेली नाही तर डॉक्टरला दाखवायचंच, दुखत नसली तरी. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून न दुखण्यावर विसंबू नका.

पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, रक्त येणं, कारण नसताना दात हलणं, ओठ किंवा जीभ बधिर होणं, मानेत गाठ, गिळताना त्रास यातलं काही असेल तर दोन आठवडेही थांबू नका. जिभेखाली किंवा जबड्याखाली सूज, ताप आणि श्वासाला त्रास असेल तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

मिश्री मोजा. आपल्या सोलापुरात हे वेगळं सांगावं लागतं. डॉक्टर विचारतात, ‘तंबाखू खाता का?’ आणि मावशी मनापासून ‘नाही’ म्हणतात. सकाळ-संध्याकाळ मिश्री मात्र चालू असते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि ती हिरडीला चोळली जाते. विड्या वळणाऱ्या बायकांच्या तर सुपातच तंबाखू असते, त्यामुळे चिमूटभर घेतलेली कुणी धरतच नाही. डॉक्टरला हे सगळं सांगा: किती वर्षं, दिवसातून किती वेळा, कोणत्या गालात ठेवता. गुटख्यावर 2012 पासून राज्यात बंदी आहे, पण मावा (सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र चोळलेला) खाणाऱ्यांनी स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का ते बघावं. जात नसतील, तिखट झोंबत असेल, तर गाठ नसली तरी दाखवा. नुसत्या सुपारीनेही तोंड आखडतं. सोडायची इच्छा असेल तर 1800-11-2356 ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे.

कुणाला दाखवायचं? जवळचा दातांचा डॉक्टर पुरेसा आहे. गरज पडली तर तो पुढे पाठवेल. खर्चाची चिंता असेल तर सिव्हिलमध्ये केसपेपर काढून दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या ओपीडीत जा. तारीख आणि फोटो दाखवा, चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर ठेवा.

डॉक्टरने तुकडा काढून तपासायला सांगितलं तर घाबरून घरी परतू नका. ‘गाठीला सुरी लागली की रोग पसरतो’ हे ऐकून कितीतरी माणसं मोलाचे महिने घालवतात. त्यात तथ्य नाही. जागा बधिर करून छोटा तुकडा घेतात आणि त्याशिवाय गाठ कसली आहे हे पक्कं कळत नाही. रिपोर्ट चांगला आला तरी तो डॉक्टरला दाखवा आणि जपून ठेवा. त्याच जागी पुन्हा काही उगवलं तर पुढच्या डॉक्टरला आधी तोच कागद लागेल.