मध्ययुगीन जर्मनीतली राजघराणी अभ्यासायची आहेत? नकाशा नंतर उघडा

इतिहासात एम.ए. करायला म्युनिकला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी चौदाव्या शतकातल्या जर्मनीचा मोठा नकाशा विकत आणला आणि खोलीच्या भिंतीवर लावला. महिनाभर त्यातले रंग पाठ केले. पुढे एका चर्चासत्रात मी फळ्यावर बव्हेरियाची हद्द काढली, तेव्हा बाईंनी विचारलं, "ही रेघ कसली? न्यायदानाची, जकातीची, की मठांच्या संरक्षणाची?" मला काहीच सांगता आलं नाही.

त्या काळी मुलूख म्हणजे हक्कांचं गाठोडं. एकाच गावात जमीन मठाची, फौजदारी न्याय ड्यूकचा, नदीवरची जकात तिसऱ्याच काउंटची असू शकायची. वतनाचे कागद पाहिलेल्या मराठी विद्यार्थ्याला हे चटकन उमगतं, कारण देशमुखी म्हणजेही गावोगावचे हक्कच.

सगळी घराणी एकदम घेऊ नका, एकच धरा. मी विटेल्सबाख धरलं. ११८० मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने वेल्फ घराण्यातल्या 'सिंह' हाइनरिशकडून बव्हेरिया काढून विटेल्सबाखच्या ओटोला दिला. तो १९१८ पर्यंत याच घराण्याकडे राहिला, त्यामुळे कागदपत्रांचा माग सलग लागतो.

वंशावळ स्वतःच्या हाताने काढा आणि त्यात बायकांची माहेरं लिहायला विसरू नका. मी विसरले होते. याच घराण्यातल्या सम्राट चौथ्या लुडविगची मुलं हॉलंडमध्ये काय करत होती, हे मला कितीतरी दिवस कळेना. उत्तर त्याच्या दुसऱ्या बायकोकडे होतं. मार्गारेटचा भाऊ १३४५ मध्ये लढाईत मारला गेला, त्याला मूल नव्हतं, आणि हॉलंड, झीलंड, हेनो तिच्याकडे आले. १३५३ च्या वाटणीत तिच्या दोन मुलांना डॅन्यूबकाठचं श्ट्राउबिंग मिळालं, आणि आईच्या वारशामुळे उत्तर समुद्राकाठचा तो मुलूखही त्यांच्याच शाखेत आला. मध्ये शेकडो किलोमीटर परका प्रदेश! नकाशावर हे दोन सुटे ठिपके दिसतात, वंशावळीत मात्र ती एका आईची मुलं.

नावांनी घोळ होतो, तो सगळ्यांचाच होतो. याच सम्राटाच्या दोन मुलांची नावं लुडविग होती, थोरला 'ब्रांडेनबुर्गचा' आणि धाकटा 'रोमन'. त्यात दोघेही पाठोपाठ ब्रांडेनबुर्गचे मारग्रेव्ह, म्हणजे सरहद्दीवरच्या मुलखाचे सत्ताधीश. १३५१ मध्ये थोरल्याने तो मुलूख धाकट्या भावांना देऊन बदल्यात वरचा बव्हेरिया घेतला. म्हणून टिपणात नुसतं 'लुडविग' कधीच लिहू नका. उपनाव, आईचं नाव आणि साल तिन्ही लिहा.

लॅटिन आधी शिका. सम्राट लुडविगच्या दप्तरात जर्मन सनदा पुष्कळ आहेत, पण त्याआधीच्या काळात लॅटिनवाचून पाऊल पुढे पडत नाही. तारखांचीही तयारी ठेवा. 'संत मार्टिनच्या दिवसानंतरचा बुधवार' असं वाचलं, की ११ नोव्हेंबर त्या वर्षी कोणत्या वारी आला ते कोष्टकात बघायचं आणि मग पुढचा बुधवार मोजायचा. सुरुवातीला एका तारखेला मला पाऊण तास लागायचा. आता मिनिटभरात होतं.

भिंतीवरचा नकाशा अजून तिथेच आहे. आता त्यावर पेन्सिलीने लग्नांची सालं लिहिली आहेत.