फुकटची गेम-की शोधण्यापूर्वी

लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून संगणक जुळवणाऱ्या मुंबईकर मुलाचे पैसे बहुधा ग्राफिक्स कार्डातच संपतात, आणि मग छोट्या स्टुडिओच्या गेमसाठी चार-पाचशे रुपये मोजण्याऐवजी तो ‘फ्री स्टीम की’ शोधू लागतो. स्टीम हे व्हॉल्व्ह कंपनीचे गेम विकणारे ऑनलाइन दुकान, आणि की म्हणजे तिथल्या खात्यात गेम जमा करून देणारा अक्षरांचा कोड. या कीज व्हॉल्व्हच्याच यंत्रणेतून निघतात आणि प्रत्येक की एकदाच वापरता येते. म्हणून ‘की जनरेटर’ नावाच्या कोणत्याही प्रोग्रामला, तिच्यासारखी दिसणारी अक्षरे जुळवता आली तरी, चालणारी की बनवता येत नाही.

मग तो प्रोग्राम करतो काय, हे पाहण्यासारखे आहे. त्याची जाहिरात करणाऱ्या व्हिडिओखालच्या लिंकवरून पासवर्ड घातलेली झिप फाइल उतरते आणि सोबत ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते. पासवर्ड घालण्याचे कारण एवढेच असते, की स्कॅनरला आतले काही दिसू नये. ही सूचना दिसताच फाइल न उघडता काढून टाकावी. आत बहुधा ब्राउझरमधील पासवर्ड आणि लॉगिन कुकीज (आपण लॉगिन केल्याची ब्राउझरने जपलेली खूण) चोरणारा प्रोग्राम असतो; कुकी चोराच्या हाती लागल्यास अनेकदा त्याला ओटीपीचीही गरज उरत नाही, कारण संकेतस्थळाच्या लेखी आपण आधीच लॉगिन केलेले असते. एकाच संगणकावर वडिलांचे नेट बँकिंग, ताईचा सीईटीचा अर्ज आणि धाकट्याचा गेम चालणाऱ्या घरात हे नुकसान गेमपुरते थांबत नाही.

‘माणूस असल्याची खात्री’ म्हणून सर्वेक्षण भरायला किंवा एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) उतरवायला सांगणारी पाने सरळ बंद करावीत.

चालणारी पण संशयास्पद स्वस्त की हा प्रकार अधिक फसवा आहे. अशा कीज कधी चोरीच्या क्रेडिट कार्डावर घेतलेल्या असतात. कार्डधारकाने तक्रार केल्यावर रक्कम परत जाते, भुर्दंड स्टुडिओवर पडतो आणि की रद्द झाल्यास गेम आपल्या खात्यातून नाहीसा होतो. ‘फॅक्टोरिओ’ या गेमच्या निर्मात्यांकडून चोरलेल्या 198 कीज आपल्या बाजारात विकल्या गेल्याचे जीटूए या कीजची खरेदी-विक्री चालणाऱ्या संकेतस्थळाने 2020 मध्ये मान्य केले आणि निर्मात्यांना 39,600 डॉलर भरपाई दिली. मला तर अशी खरेदी पायरसीपेक्षाही वाईट वाटते.

खरोखर फुकट हवे असल्यास एपिक गेम्स स्टोअर 2018 च्या डिसेंबरपासून नियमितपणे मोफत गेम देत आले आहे, आणि इच डॉट आयओ या गेमच्या संकेतस्थळावर अनेक निर्माते आपले गेम स्वतःहून विनामूल्य ठेवतात. स्टीमवर थेट घेतलेला गेम खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असल्यास पैसे परत मागता येतात; बाहेरून आणलेल्या कीला ही सोय नाही.

फाइल उघडली गेलीच असेल, तर त्या संगणकाचे इंटरनेट तोडून दुसऱ्या उपकरणावरून आधी ईमेलचा, मग बँकेचा आणि स्टीमचा पासवर्ड बदलावा व सर्व उपकरणांवरून लॉगआउट करावे. पैसे गेले असल्यास बँकेला कळवून लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.