मौल्यवान मनगटी घड्याळ अधिकृत सेवा केंद्रात तपासणीसाठी देताना

तपासणीसाठी घड्याळ देणे आणि ते दुरुस्तीसाठी देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काउंटरवर मात्र त्या सहज एकमेकींत मिसळतात. त्यामुळे घड्याळ त्यांच्या हाती सोपवण्यापूर्वी, पावतीवर ‘फक्त तपासणी व खर्चाचा अंदाज, लेखी संमतीशिवाय काम करू नये’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. केंद्र खरोखर अधिकृत आहे की नाही, हे दुकानाच्या पाटीवरून न ठरवता उत्पादक कंपनीच्या संकेतस्थळावरील यादीत पाहून ठरवावे, कारण एखाद्या ब्रँडची घड्याळे दुरुस्त करणारे प्रत्येक दुकान त्या ब्रँडने नेमलेले असतेच असे नाही.

तपासणी केव्हा करावी, याबाबत कंपन्यांचे सल्ले सारखे नाहीत. रोलेक्स साधारण दहा वर्षांनी सर्व्हिसिंग सुचवते, तर ओमेगाचा सल्ला पाच ते आठ वर्षांचा आहे. मात्र काचेच्या आत बाष्प दिसल्यास वर्षे मोजत बसू नये; गंज लगेच धरू लागतो, म्हणून घड्याळ त्याच दिवशी नेलेले बरे. वेळ चुकत असल्याची तक्रार असेल, तर आठवडाभर रोज ठरावीक वेळी मोबाइलवरील वेळेशी तुलना करून फरक सेकंदांत लिहून ठेवावा. स्वित्झर्लंडच्या सीओएससी या संस्थेच्या यांत्रिक घड्याळांच्या क्रोनोमीटर (म्हणजे अचूकतेच्या) चाचणीत दिवसाला सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंदांचा फरक मान्य असतो, त्यामुळे दिवसाला तीन सेकंद पुढे जाणारे घड्याळ बिघडलेले नसते. तेच घड्याळ अचानक काही मिनिटे पुढे जाऊ लागले, तर हेअरस्प्रिंगला, म्हणजे घड्याळाची चाल ठरवणाऱ्या बारीक स्प्रिंगला, चुंबकत्व लागल्याची शक्यता मोठी असते. ते काढून टाकण्याचे काम काही क्षणांचे असते, म्हणून पूर्ण सर्व्हिसिंगला होकार देण्यापूर्वी तेवढी विचारणा अवश्य करावी.

नेण्यापूर्वी डायल, काच, केसच्या (घड्याळाच्या धातूच्या कवचाच्या) कडा, मागचे झाकण आणि ब्रेसलेटचे बकल यांची भरपूर उजेडात छायाचित्रे काढावीत आणि प्रत्येक ओरखडा त्यांत दिसेल असे पाहावे. अनुक्रमांक स्वतः वाचून टिपून ठेवावा. अनेक घड्याळांत तो मागच्या झाकणावर असतो, तर आधुनिक रोलेक्सवर तो काचेच्या आतील कडेच्या धातूवर कोरलेला असतो. वॉरंटी कार्ड, खरेदीची पावती आणि आधीच्या सर्व्हिसिंगचे कागद बरोबर न्यावेत, मात्र त्यांच्या प्रती द्याव्यात आणि मूळ कागद फक्त दाखवावेत. वेगळा विकत घेतलेला पट्टा घरीच काढून ठेवणे सोयीचे, नाहीतर त्याचीही नोंद पावतीवर करून घ्यावी लागते.

केंद्रात टाइमग्राफर नावाच्या यंत्रावर घड्याळ वेगवेगळ्या स्थितींत ठेवून त्याची चाल मोजली जाते. त्यातला अ‍ॅम्प्लिट्यूड हा आकडा, म्हणजे आतले झुलणारे चक्र किती अंश फिरते ते, आवर्जून विचारावा. पूर्ण चावी दिलेल्या आणि आडव्या ठेवलेल्या बहुतेक आधुनिक यांत्रिक घड्याळांत तो साधारण २७० ते ३१० अंश असतो, आणि तो बराच कमी असेल तर तेल सुकले असावे किंवा भाग झिजले असावेत, असे समजावे. जलरोधकतेची चाचणीही करून घ्यावी, कारण झाकणावर लिहिलेले खोलीचे मीटर नव्या गास्केटसाठी (पाणी अडवणाऱ्या रबरी कडीसाठी) खरे असतात आणि रबर काळानुसार कडक होत जाते.

खरी सावधगिरी खर्चाच्या अंदाजपत्रकाबाबत बाळगावी लागते. केंद्राचा स्वाभाविक कल घड्याळ नव्यासारखे करून देण्याकडे असतो, आणि रोजच्या वापरातल्या घड्याळासाठी ते योग्यही आहे. पण घड्याळ जुने असेल, तर हाच उत्साह नुकसान करतो, कारण पॉलिश केल्याने केसच्या धारदार कडा कायमच्या गोल होतात, आणि पिवळसर पडलेल्या ट्रिटियमच्या (अंधारात चमकणाऱ्या जुन्या लेपाच्या) खुणा असलेली मूळ डायल बदलली की संग्राहकाच्या दृष्टीने घड्याळाची किंमत बरीच उतरते. तेव्हा ‘पॉलिश करू नये, डायल व काटे बदलू नयेत, बदललेले भाग परत द्यावेत’ हे तोंडी न सांगता संमतीपत्रावरच लिहावे. काही कंपन्या बदललेले भाग परत देत नाहीत, हे आधीच कळले तर निर्णय बदलता येतो. बाहेरून हिरे बसवलेले किंवा परकी डायल लावलेले घड्याळ अनेक अधिकृत केंद्रे घेतच नाहीत, किंवा ते भाग मूळ भागांनी बदलण्याची अट घालतात. जुने घड्याळ विकत घेण्याच्या बेतात असलेल्यांना हा नकार फार उपयोगी पडतो, कारण त्यातून भाग मूळ नसल्याचे कळते. मात्र चोरीला गेल्याची नोंद असलेला अनुक्रमांक आढळला तर घड्याळ परत मिळण्यातही अडचण येऊ शकते, म्हणून अशी तपासणी शक्यतो पैसे देण्यापूर्वी आणि विक्रेत्याच्या उपस्थितीत करावी.

घड्याळ परत घेताना घाई करू नये. आधीची छायाचित्रे समोर ठेवून अनुक्रमांक, केस आणि डायल जुळवून पाहावेत, क्राउन (बाजूची घुंडी) उघडून काटे व तारीख फिरवून पाहावी, क्रोनोग्राफ (घड्याळातले स्टॉपवॉच) असल्यास तो सुरू करून शून्यावर आणावा आणि त्याचे सर्व काटे नेमके शून्यावर थांबतात का ते पाहावे. केलेल्या कामाचा तपशील, बदललेल्या भागांची यादी आणि सेवेच्या हमीचा कागद हातात आल्यावरच सही करावी. रोलेक्सच्या सर्व्हिसिंगवर दोन वर्षांची हमी मिळते. पुढच्या आठवडाभरात वेळेचा फरक पुन्हा लिहून ठेवला, तर ती हमी वापरण्याची वेळ आलीच तर दाखवायला आकडे तयार असतात.